म्हणाली, त्याच्या, होत्या : लहान मुलांचं वाचन अडतं कुठे?

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, तेही मागून घेतले. म्हणून मी विषयही त्याच वर्गांतला निवडला आहे. मूल अक्षरं ओळखू लागतं तिथपासून ते एखादी छोटी गोष्ट न अडखळता वाचू लागेपर्यंतच्या टप्प्यात काय घडतं, आणि आपल्या अनेक वर्गांत काय घडायचं राहून जातं, याबद्दल मला बोलायचं आहे.

फळ्यावर मी चार ओळी लिहिल्या आहेत. कुठल्या पुस्तकातल्या नाहीत, आत्ताच रचल्या आहेत. ‘एका गावात एक म्हातारी राहायची. तिच्याकडे एक शेळी होती. म्हातारी रोज शेळीला माळावर न्यायची. एके दिवशी शेळी तिला म्हणाली, मी आज घरी येणार नाही.’

हे चोवीस शब्द आहेत. पहिलीतल्या मुलाला गोष्ट ऐकायला दिली तर ‘मग पुढं काय झालं?’ म्हणून तो आपल्याला सोडणार नाही. पण हीच गोष्ट त्याच्या हातात वाचायला द्या. आपण पहिल्या सहामाहीत त्याच्याकडून घोटून घेतो ते शब्द असतात घर, नळ, बदक, मगर, कमळ, गवत. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. अशा साध्या अक्षरांचे शब्द या गोष्टीत किती आहेत? तीन. दोनदा ‘एक’ आणि एकदा ‘आज’. आणि जोडाक्षरं किती ठिकाणी? पाच. म्हातारी, तिच्याकडे, पुन्हा म्हातारी, न्यायची, म्हणाली. जोडाक्षरांचा तक्ता आपण भिंतीवर सगळ्यात शेवटी लावतो. गोष्ट मात्र पहिल्याच वाक्यात जोडाक्षर पुढे करते.

मला आज जे म्हणायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. मराठीत सतत, जवळजवळ प्रत्येक वाक्यात येणारे काही शब्द आहेत. आहे, आणि, नाही, होता, होत्या, पण, मग, म्हणून, म्हणाला, त्याला, तिच्या, त्यांनी, झाला, पुन्हा, दुसऱ्या, सगळ्यांनी. हे शब्द लहान आहेत, मुलांच्या कानावर दिवसातून शेकडो वेळा पडतात. आणि यांतल्याच कितीतरी शब्दांत आपण सगळ्यात उशिरा शिकवतो ती अक्षरं आहेत. अक्षरांचा क्रम या शब्दांपर्यंत पोचेल तेव्हा पोचेल असं म्हणून आपण थांबतो, आणि तोवर मुलाला खरी गोष्ट वाचायलाच मिळत नाही. माझं म्हणणं असं, की असे पन्नास-साठ शब्द अक्षरओळखीच्या बरोबरीने, पहिलीच्या दिवाळीआधीपासून, गोष्टींतून मुलांच्या नजरेच्या ओळखीचे करावेत. मूल त्यांच्याशी थबकू नये.

आपल्या शहरातल्या सिडको-हडको, गारखेड्याच्या पालकांना ही कल्पना दुसऱ्या नावाने माहीत आहे. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गातून घरी ‘साइट वर्ड्स’ची यादी येते आणि आई रात्री ती पाठ करून घेते. या यादीचं मूळ अमेरिकेत आहे. एडवर्ड डॉल्च या शिक्षणतज्ज्ञाने १९३६ मध्ये मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणारे २२० शब्द काढले. नामं त्यात घेतली नाहीत, ती वेगळी ठेवली. दि, ऑफ, वॉज, सेड, वन असे हे शब्द. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचं जमत नसल्यामुळे यांतले कित्येक शब्द अक्षरांवरून बरोबर उच्चारताच येत नाहीत. ते पाहताक्षणी ओळखू यावेत, एवढा त्या यादीचा हेतू होता. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकालाही या प्रश्नाशी गाठ पडली.

मराठीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो वेगळा आहे हे आधी नीट समजून घ्यायला हवं. नाहीतर आपणही चकाकत्या कार्डांवर मराठी शब्द छापून मुलांना त्यांचे आकार पाठ करायला लावू. मराठीत बहुतेक शब्द अक्षरांवरून वाचता येतात. ‘म्हणाली’ हा शब्द काही उच्चाराला फसवत नाही. अडचण आहे ती आधी चिन्हांच्या संख्येची. पस्तीसच्या आसपास व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेहून जास्त रूपं, आणि वर जोडाक्षरं. एकट्या ‘र’चंच बघा. सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दुसऱ्या. चार शब्दांत चार वेगळी रूपं. सोनाली नाग यांनी कन्नड भाषेच्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास करून दाखवून दिलं, की आपल्या भारतीय लिप्यांत अक्षरं पुरती हाती यायला पहिली-दुसरीची वर्षं पुरत नाहीत, शिकणं पुढे कितीतरी चालू राहतं. ते तसंच होणार. ही मुलांची मंदगती नव्हे, लिपीचा विस्तारच तेवढा आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. आपण लिहितो ‘बसला’. मूल अक्षराला अक्षर लावत म्हणतं, ब, स, ला. तीन ठोके. बोलताना मात्र आपण सगळे ‘बस्-ला’ म्हणतो, ‘स’मधला अ जवळजवळ गिळतो. ‘करतो’ म्हणताना कर्-तो. ‘घर’ म्हणताना शेवटचा अ नाहीच. मुलाने सुटी अक्षरं जोडून जो आवाज काढला तो त्याने आयुष्यात कधी ऐकलेलाच नसतो. त्या आवाजातून ‘अरे, हा तर बसला!’ अशी उडी त्याची त्याला मारावी लागते. ज्या मुलाला ती मारता येते ते वाचू लागतं. ज्याला येत नाही ते सगळी अक्षरं बरोबर म्हणूनही वाचत नाही, आणि आपण त्याला पुन्हा बाराखडी गिरवायला बसवतो. तीच गोष्ट च, ज, झ यांची. चहातला च वेगळा, चाकातला वेगळा. चिन्ह एकच. कुठला आवाज काढायचा हे अक्षर सांगत नाही, शब्दाची ओळख सांगते.

आणि तिसरी अडचण खास आपल्या मराठवाड्याची म्हणता येईल, जरी तिची भावंडं विदर्भात आणि खानदेशातही आहेत. पुस्तकात ‘आहे’, घरी ‘हाय’. पुस्तकात ‘होते’, घरी ‘व्हतं’. ‘पाणी’ आणि ‘पानी’, ‘कुठे’ आणि ‘कुटं’. सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्दच घरच्या बोलीत आणि पुस्तकात वेगळे. कन्नड-सोयगावकडच्या बंजारा तांड्यावर तर घरात गोरमाटी बोलतात, तिथे हे अंतर आणखी मोठं. अशा मुलाने ‘आहे’ हा शब्द वाचून ‘हाय’ म्हटलं, तर मला त्याचं कौतुक वाटतं. त्याने अक्षरं म्हटली नाहीत, शब्द वाचला, अर्थासकट वाचला. त्याला तिथल्या तिथे ‘चूक’ म्हणणारा शिक्षक त्याचं वाचन थांबवतो. ‘बरोबर, आणि पुस्तकात ते आहे असं लिहितात’, एवढं म्हणून पुढे जाता येतं.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी हे फार आधी ओळखलं होतं. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पीएच.डी.साठी फलटणच्या बोलण्यातल्या मराठीचाच अभ्यास केला, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि शाळेत टिकत नसलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवला. थोडी अक्षरं आणि त्यांच्याबरोबरच एखादं स्वरचिन्ह घ्यायचं, लगेच शब्द करायचे, लगेच वाक्यं करायची, आणि मुलाची बोली हा दोष मानायचा नाही. आज हे ऐकायला साधं वाटतं. क ते ज्ञ पाठ झाल्याशिवाय शब्दाला हात लावायचा नाही, असा शिरस्ता असलेल्या काळात हे धाडस होतं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला २००७ पासून काम करणारी ‘क्वेस्ट’ ही नीलेश निमकर यांची संस्थाही याच वाटेने पुढे गेली. याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकात यादगीरला शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं सलग मागोवा घेतला. मुलं स्वरचिन्हांशी आणि जोडाक्षरांशी अडखळतात, आणि शिकवण्याचा बहुतेक वेळ अक्षरं आणि सुटे शब्द यांतच जातो, गोष्टीच्या अर्थापर्यंत वर्ग पोचतच नाही, असं चित्र त्यातून समोर आलं. वर्गात बसून पाहणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

आता वाचनाचा ओघ म्हणजे काय, आणि त्याला एवढं महत्त्व का? १९७४ मध्ये लाबर्ज आणि सॅम्युअल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली. माणसाचं लक्ष मर्यादित असतं. ते सगळं जर अक्षर ओळखण्यात खर्च झालं, तर अर्थ लावायला काही उरत नाही. ‘म्हातारी रोज शेळीला माळावर न्यायची’ हे वाक्य अर्धा मिनिट लावून वाचणारं मूल ‘न्यायची’पाशी पोचतं तेव्हा म्हातारी त्याच्या मनातून निघून गेलेली असते. त्याला प्रश्न विचारला, की माळावर कोण गेलं? ते पुस्तकाकडे बघतं, आपल्याकडे बघतं. त्याला समजत नाही असा शेरा आपण मारतो. समजायला त्याच्याकडे जागाच उरलेली नसते.

म्हणून निपुण भारत अभियानाने, जे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं, ओघाला आकडा दिला. दुसरीअखेर मुलाने अर्थ समजून मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीअखेर किमान ६०. ध्येय ठरवलं हे चांगलंच झालं. प्रश्न किती मोठा आहे ते ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतून दिसतंच. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये सोळाच्या आसपास होती, २०२४ मध्ये तेवीसच्या आसपास. सुधारणा आहे. पण उरलेली मुलं शंभरात पंचाहत्तरहून जास्त आहेत, आणि ती चौथीत जाऊन इतिहास-भूगोलाची पुस्तकं उघडणार आहेत.

आकड्याबद्दल मला एक गोष्ट जरूर सांगायची आहे, कारण घड्याळ लावून मुलांना पळवणारे वर्ग मी पाहतो आहे. मराठी शब्द लांब असतो. ‘आजोबांच्या घरासमोरच्या झाडावरून’ हे आपले तीन शब्द झाले. इंग्रजीत हीच गोष्ट सांगायला आठेक शब्द लागतात. साठ मराठी शब्दांचं ओझं साठ इंग्रजी शब्दांपेक्षा बरंच जास्त असतं. तेव्हा इंग्रजीतल्या मुलांच्या वेगाशी तुलना करून कुणी निराश होऊ नये. आणि अभियानाच्या वाक्यात ‘अर्थ समजून’ हे शब्द आहेत, ते गाळून नुसता आकडा भरू नये. घाईघाईत, एका सुरात, पूर्णविराम ओलांडत वाचणाऱ्या मुलाचा आकडा चांगला येतो. पण त्याला वाचन येत नाही. ‘शेळी म्हणाली’च्या पुढे ज्याचा आवाज शेळीसारखा होतो, त्याला वाचन आलं.

ओळखीचे शब्द वाढवायचे म्हटलं की एक शंका अनुभवी शिक्षक हमखास काढतात, आणि ती अतिशय रास्त आहे. ‘सर, मुलं शब्द पाठ करतील, अक्षरं शिकणारच नाहीत.’ पहिलीत आपण सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे. मूल पाठ धडाधड म्हणतं, बोट मात्र दोन ओळी मागे असतं. मधलाच शब्द विचारला की पहिल्यापासून म्हणत येतं. याला वाचन म्हणत नाहीत.

या शंकेचं उत्तर संशोधनाने बऱ्यापैकी स्पष्ट दिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात, १८८५-८६ च्या सुमारास, जेम्स कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने लायप्झिगमध्ये मोजून पाहिलं, की वाचता येणारा माणूस अख्खा शब्द जवळजवळ एका अक्षराइतक्याच वेळात ओळखतो. त्यावरून पुढे अनेकांनी असा निष्कर्ष काढला की मुलांनाही अख्खे शब्दच शिकवावेत, अक्षरांची गरज नाही. तिथे गल्लत झाली. अमेरिकेच्या लिनिया एरी यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं, की शब्द पाहताक्षणी ओळखू येतो तो त्याच्या आकृतीमुळे नव्हे. त्यातल्या प्रत्येक अक्षराची त्याच्या आवाजाशी मनात गाठ बसलेली असते, म्हणून येतो. आणि डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलं, की मूल एखादा शब्द स्वतः अक्षरं लावून थोड्या वेळा यशस्वीपणे वाचतं तेव्हा तो शब्द त्याचा होतो. म्हणजे शब्दओळख ही अक्षरओळखीची सवत नाही. अक्षरांतूनच ती पक्की होते. शब्द आधी ओळखीचा करून द्यायचा, आणि त्याच दमात त्याच्या अक्षरांकडे बोट करायचं, ही दोन कामं एकत्रच करायची आहेत.

प्रत्यक्षात हे कसं करायचं, यावर मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण इथे बसलेल्यांना उद्या वर्गावर जायचं आहे.

सुरुवात गोष्टीपासून. मोठ्या अक्षरांतली गोष्ट, नसेल तर फळ्यावर किंवा ड्रॉइंगच्या कागदावर स्वतः लिहिलेली. शिक्षकाने ती आधी नुसती सांगायची. दुसऱ्या दिवशी ओळीखालून बोट फिरवत वाचायची, मुलांनी बरोबर म्हणायचं. ज्या गोष्टींत तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं त्या या कामाला सोन्यासारख्या आहेत. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी, चिमणीचं आणि कावळ्याचं घर, या गोष्टी आपल्या आज्यांनी मुलांना झोपवायला सांगितल्या. त्यांची रचनाच वाचन शिकवायला तयार असल्यासारखी आहे. पुढचं वाक्य मुलाला आधीच माहीत असतं, म्हणून त्याची नजर कागदावर स्थिर राहते.

मग त्या गोष्टीतले तीन किंवा चार शब्द घ्यायचे. आठवड्याला तीन-चार, जास्त नाही. ‘म्हणाली’ घेतला असं समजू. शब्दपट्टीवर मोठा लिहायचा. मुलांनी म्हणायचा. टाळ्या वाजवून त्याचे तुकडे करायचे, म्ह, णा, ली. मग विचारायचं, ‘म्ह’ आणखी कुठे ऐकला? एक तरी मूल ‘म्हैस’ म्हणतंच. म्हैस, म्हातारा, म्हसोबा. ‘म्ह’ हे जोडाक्षर आहे हे सांगायची त्या दिवशी काही गरज नाही, आणि कानाला तर तो एकच आवाज आहे. ‘तिच्या’ घेतला की खेड्यातली मुलं स्वतःच हसत सांगतात, यात आमचा ‘च्या’ आहे, सकाळचा, दुधाचा. मी ते ऐकलं आहे. त्या मुलांना ‘च्या’ पुन्हा शिकवावा लागत नाही. मग पट्टी बाजूला ठेवून गोष्टीत तो शब्द कुठे-कुठे आहे ते शोधायचं, त्याखाली रेघ मारायची. मग पाटीवर किंवा वहीत तो न बघता लिहायचा. लिहिण्याला मी फार महत्त्व देतो. शब्द लिहिताना मूल प्रत्येक अक्षरापाशी थांबतं, आणि नजरेने सरकून गेलेली वेलांटी तेव्हा सापडते.

या शब्दांच्या पट्ट्या वर्गाच्या एका भिंतीवर लावायच्या, मुलांच्या नजरेच्या उंचीवर. आपल्याकडे तक्ते छताजवळ लावायची पद्धत पडली आहे, बहुधा ते फाटू नयेत म्हणून. ते फाटू देत. शब्द हाताला लागले पाहिजेत. मुलांनी पट्ट्या काढून वाक्यं करावीत. ‘शेळी’ ‘म्हणाली’ ‘आहे’ ‘नाही’ ‘पण’ ‘माझ्या’. एवढ्या सहा पट्ट्यांतून कितीतरी वाक्यं होतात, आणि मूल ती स्वतःची असल्यासारखी वाचतं. पट्ट्यांचा क्रम रोज बदलायचा. पाठांतराची शंका काढणाऱ्या शिक्षकांचं समाधान इथे होतं, कारण जागा बदलली तरी मूल शब्द ओळखतं का ते लगेच दिसतं. ‘म्हणाली’शेजारी ‘म्हणाला’ आणि ‘म्हणून’ ठेवा. आकृतीवर भिस्त ठेवणारं मूल तिथे गडबडेल, अक्षरांकडे पाहणारं गडबडणार नाही.

आणि शेवटी, पुन्हा पुन्हा वाचन. सॅम्युअल्स यांनीच १९७९ मध्ये याचा पुरस्कार केला. एकच छोटा उतारा मुलाने सलग काही दिवस वाचायचा, ओघ येईपर्यंत. आपल्याकडे रोज नवा पाठ घेण्याची घाई असते, अभ्यासक्रम संपवायचा असतो. मी म्हणतो, आठवडाभर पाच-सहा ओळींचा एकच उतारा असू द्या. सोमवारी रखडत वाचणारं मूल गुरुवारी सफाईने वाचतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. जोडीने वाचायला द्या, दुसरीतल्या मुलीने पहिलीतल्या भावाला वाचून दाखवू द्या. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तर याचा मोठा आधार होतो. वर्गापुढे एकट्याला उभं करून प्रकट वाचन घेणं मात्र अडखळणाऱ्या मुलाच्या बाबतीत टाळावं. त्या मुलाच्या मनात वाचन आणि शरम एकत्र बसतात, आणि तसे बसले की कुठलीही पद्धत तिथे पोचत नाही.

या शहरात बोलतो आहे म्हणून उर्दूचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एकाच शहरात मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी वाचणारी मुलं असणं ही आपली फार मोठी ठेव आहे, आणि शिक्षकांनी ती वापरलेली मी क्वचितच पाहतो. उर्दूच्या छापील मजकुरात र्‍हस्व स्वरांच्या खुणा सहसा नसतात. क आणि ल एवढीच अक्षरं दिसतात, ती ‘कल’ वाचायची की ‘कुल’, हे वाक्यावरून ठरवावं लागतं. अक्षराचं रूपही शब्दातल्या जागेनुसार बदलतं. त्यामुळे मुलाला शब्द शब्द म्हणून ओळखायला शिकवणं, अर्थाचा अंदाज घ्यायला शिकवणं, हे उर्दू शाळेतल्या शिक्षिकेचं रोजचं काम आहे. सुरुवातीच्या पुस्तकांत खुणा असतात, मग हळूहळू त्या जातात, आणि मूल त्यांच्याशिवाय वाचू लागतं. ते कसं घडतं हे शहागंज-किराडपुऱ्यातल्या शिक्षिकांनी मराठी शिक्षकांना सांगावं, आणि स्वरचिन्हं नीट कशी घट्ट करायची हे मराठी शिक्षकांनी त्यांना सांगावं. दोन्ही शाळांच्या शिक्षण परिषदा वेगवेगळ्या भरतात. वर्षातून एक तरी एकत्र भरवता येईल.

याच शहरात २०२१ पासून रीड अँड लीड फाउंडेशनने मोहल्ल्यामोहल्ल्यात बाल वाचनालयं सुरू केली. कोरोनाने शाळा बंद असताना मुलांच्या हाताशी, घराजवळ, पुस्तकं आली. मला या कामाचं मोल फार वाटतं, कारण शब्दांची ओळख वर्गात सुरू होत असली तरी ती पिकते वर्गाबाहेर. ‘त्याच्या’ हा शब्द मुलाला पन्नास गोष्टींत पन्नास वेळा भेटला, की तो शिकवावा लागत नाही. पन्नास गोष्टी मिळायला हव्यात. निजामाच्या काळात उर्दूचा वरचष्मा असताना इथल्या माणसांनी वर्गणी काढून मराठी शाळा आणि वाचनालयं चालवली. १९१५ मध्ये सुरू झालेली सरस्वती भुवन ही त्या काळाचीच देणगी. त्या पिढीने मुलांच्या हातात अक्षर पडावं म्हणून जे केलं, त्याच्या मानाने वस्तीत पन्नास पातळ पुस्तकांची पेटी ठेवणं हे आज अवघड नाही. ‘प्रथम बुक्स’ची स्वस्त पुस्तकं आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाची सुंदर चित्रपुस्तकं आहेत, बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे, मोठ्या भावंडांनी त्यातलं वाचून दाखवावं. औरंगपुऱ्यात वह्या-गाइडं घ्यायला गेलेल्या पालकांनी एक गोष्टीचं पुस्तक जास्तीचं घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

पालकांना आणखी एक सांगतो. जे स्वतः वाचू शकत नाहीत, त्यांनीही मुलाला गोष्ट सांगावी, आणि मुलाने वाचलेली गोष्ट ऐकून घ्यावी. मुलाच्या कानात भाषा भरलेली असेल तरच कागदावरचा ‘बस, ला’ त्याला ‘बसला’ ऐकू येईल. तो कान तयार करण्याचं काम आई-आजीच्या हातात आहे. त्याला साक्षर असण्याची अट नाही.

आता एक ठोस मागणी. प्रत्येक केंद्राने, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाने, या वारंवार येणाऱ्या शब्दांची आपली स्वतःची यादी करावी. बाहेरून आलेली यादी छापून वाटू नये. केंद्रातल्या शिक्षकांनी पहिलीचं पाठ्यपुस्तक आणि शाळेतल्या पंचवीस-तीस गोष्टी घेऊन बसावं, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारे शब्द काढावेत. त्यांपुढे आपल्या भागातली बोलीतली रूपं लिहावीत, ‘आहे’पुढे ‘हाय’, ‘होतं’पुढे ‘व्हतं’, तांड्याच्या शाळेत गोरमाटीतलं रूप. एका शिक्षण परिषदेत हे होऊ शकतं. यादी करताना शिक्षकच मुलांच्या पुस्तकांकडे ज्या बारकाईने बघतील, तेवढ्यानेही वर्गात फरक पडेल.

आणि ही यादी दिवाळीच्या आत वापरात यायला हवी, याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीड-जालन्यातून, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कारखान्याचा हंगाम संपून घरी परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. गावी हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं शाळेत टिकतात, पण सगळी राहत नाहीत. पहिलीतलं जे मूल आईवडिलांबरोबर फडावर जातं, त्याची बाराखडी अर्ध्यावर सुटलेली असते, आणि परत येईपर्यंत ती पुसून जाते. त्या मुलाकडे जाताना पंचवीस-तीस शब्द पक्के ओळखीचे असतील, आणि त्याच शब्दांत बेतलेल्या चार-पाच लहान गोष्टींच्या पुस्तिका दप्तरात असतील, तर ते पालावरही वाचू शकतं. त्याला पुढची अक्षरं शिकवायला तिथे कुणी नसतं. वाचलेलं टिकवायला मात्र एक पुस्तिका पुरते. या पुस्तिका आपल्या शिक्षकांनी लिहाव्यात, मुलांच्याच बोलण्यातून लिहाव्यात, ऊस, कोयता, बैल, कोपी यांच्यासकट. आठ पानांच्या पुस्तिकेची झेरॉक्स काढायला जो खर्च येतो तो शाळा व्यवस्थापन समितीला सहज झेपेल. लिहिणारे शिक्षक या सभागृहात बसलेले आहेत. टोळ्या निघायच्या आधी पुस्तिका त्या मुलांच्या दप्तरात पडावी, म्हणजे सप्टेंबरपर्यंत ती लिहून तयार हवी.